दुसऱ्या लग्नाची पत्रिका: कोणाला, कधी आणि कोणाच्या नावाने

माझं दुसरं लग्न झालं तेव्हा मी एक्केचाळीसची होते, लेक आठवीत होती. माझा घटस्फोट झालेला, आणि ह्यांची पहिली बायको आजारपणात गेलेली, त्यांना पाचवीतला मुलगा. लग्न ठरायला वेळ लागला नाही, खरं सांगते, पत्रिकेवरूनच जास्त डोकं फुटलं. पहिल्या लग्नात पत्रिका हा बाबांचा आणि काकांचा विषय होता, मला फक्त रंग विचारला होता, तोही शेवटी काकूच्या पसंतीचा आला. ह्यावेळी सगळं आमच्याच गळ्यात. आता ओळखीतल्या तीन-चार जणींनी "तुम्ही काय लिहिलं होतं गं" म्हणून विचारलं, प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी कागद, मग पत्रिका

हे रुक्ष वाटेल पण इथूनच सुरू करा. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा हुकूम हातात आला की लगेच हॉल बुक करायची घाई करू नका. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपल्याशिवाय (किंवा अपील केलेलं असेल तर त्याचा निकाल लागल्याशिवाय) पुन्हा लग्न करता येत नाही, आणि ही मुदत ९० दिवसांची आहे. संमतीने घेतलेला घटस्फोट असेल तर तुमच्या वकिलाला स्पष्ट विचारा की आमच्या बाबतीत कधीपासून मोकळे, आणि उत्तर मिळाल्यावरच तारीख धरा. हुकुमाची सही-शिक्क्याची प्रत काढून ठेवा. जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला.

रजिस्टर लग्न करणार असाल, म्हणजे विशेष विवाह कायदा १९५४ खाली, तर आधी नोटीस द्यावी लागते, मग ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न उरकावं लागतं. तीन साक्षीदार लागतात. म्हणजे पत्रिकेवर तारीख टाकायची तर ती ह्या दोन टोकांच्या मधली, आणि ऑफिसातून वेळ पक्की झाल्यावरच. पंचांगातला मुहूर्त आधी छापून मग ऑफिसच्या चकरा मारणारे लोक मी पाहिलेत.

पत्रिका म्हणजे बातमी नव्हे

माझं म्हणणं सगळं ह्या एका गोष्टीत आहे. पहिल्या लग्नाची बातमी साखरपुड्यातच सगळ्यांना झालेली असते, पत्रिका नुसती तारीख-वेळ सांगायला. दुसऱ्या लग्नात लोक भलताच शॉर्टकट मारतात, तोंडाने सांगायला अवघड वाटतं म्हणून सरळ पत्रिकाच पाठवून मोकळे होतात. मग ज्याला ती मिळते तो माणूस आधी दचकतो, मग दुखावतो, आणि मग येत नाही. आणि आपण म्हणतो, बघा, लोकांना दुसरं लग्न बघवत नाही.

सांगायचा क्रम आम्ही वहीत लिहून काढला होता. पहिली मुलं. त्यांना पत्रिकेच्या बऱ्याच आधी, एकेकट्याला, नवीन माणूस समोर नसताना. मग दोघांचे आईवडील. मग पहिल्या लग्नातून जोडलेली माणसं, त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिते कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मग सख्खी भावंडं, मामा, मावशी, आत्या, काका, ह्यांना फोन. बाकी सगळ्यांना पत्रिका. ह्यात एक लेव्हल जरी पुढेमागे झाली तरी बोंब होते. आमची झालीच, माझ्या एका चुलतभावाने उत्साहात पीडीएफ त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि माझ्या आत्याला ती तिच्या शेजारणीकडून कळली. आत्या सत्तर वर्षांची, मला लहानपणी तिने सांभाळलेलं. दोन दिवस फोन उचलला नाही तिने माझा.

निमंत्रक कोण?

आपल्याकडच्या पत्रिकेत हा मोठाच प्रश्न. एका बाजूला वधूपिता, दुसऱ्या बाजूला वरपिता, खाली सगळे काका "निमंत्रक", त्याच्याखाली "आपले नम्र" म्हणून अख्खी भावकी, कुणाचं नाव राहिलं की पाच वर्षांचा अबोला. दुसऱ्या लग्नात तुम्ही पस्तीस-चाळीसचे असता, स्वतःच्या पैशाने करत असता, तर तुम्ही दोघांनीच बोलावलं तरी त्यात कुणाचा अपमान नाही. पण आईवडिलांना एकदा विचारा. माझ्या बाबांना मी विचारलं नव्हतं, मला वाटलं त्यांना संकोच वाटेल, लोक काय म्हणतील वगैरे. तर ते आईजवळ म्हणाले, "पहिल्या वेळी नाव टाकलं ते काय लग्न मोडणार म्हणून टाकलं होतं का, ह्यावेळी का नको?" मग आम्ही मजकूर बदलला.

तीन तऱ्हा सांगते, तुमच्या घराप्रमाणे बघा.

दोघांनीच बोलावायचं असेल तर साधं, बोलल्यासारखं:
"आम्ही लग्न करतोय. सकाळी घरच्या घरी विधी आहेत, संध्याकाळी सात ते दहा तुमच्यासोबत जेवायचं आहे. जरूर या, वाट बघतोय. आहेर आणू नका, तुम्ही या."
खाली दोघांची नावं.

आईवडिलांच्या नावाने असेल तर:
"आमची कन्या अमुक आणि श्री. तमुक यांचा विवाह दिनांक इतका इतका रोजी योजिला आहे. आपण उपस्थित राहून दोघांना आशीर्वाद द्यावेत ही विनंती."
जुन्या पत्रिकांमधलं ते "शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे" कुणा आजोबांनी सुचवलं तर हसून सोडून द्या.

आणि मुलांच्या नावाने. हे फार गोड दिसतं म्हणून आजकाल बरेच जण करतात, पण मुलांना विचारून. पत्रिकेच्या तळाशी भाचरांची नावं टाकून "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असतं ना, तसं प्रिंटिंगवाल्याने आम्हाला "आमच्या आईच्या लग्नाला यायचं हं" असं करून दाखवलं, शेजारी टेडी बेअर. लेकीने मोबाईलवर प्रूफ बघितलं आणि म्हणाली, मी काय केजीत आहे का. धाकट्याला मात्र नाव हवंच होतं. शेवटी दोघांनी भांडून भांडून स्वतःच ठरवलं: एका ओळीत तिचं नाव आणि पुढे "माझी आई", दुसऱ्या ओळीत त्याचं नाव आणि पुढे "माझे बाबा", आणि खाली "लग्न करताहेत, तुम्ही या". त्याहून चांगलं मला सुचलं नसतं. मुलांचं नुसतं पहिलं नाव टाका. पूर्ण नाव टाकलं की मधे वडिलांचं नाव आलं, आडनाव वेगळं दिसलं, आणि मग वाचणारा पत्रिका सोडून हिशोब लावत बसतो. आणि मूल नको म्हणालं तर विषय संपला, "अगं लोक विचारतील ना" म्हणून मागे लागू नका.

चि., सौ. कां. आणि बाकीची उपसर्गांची फौज

प्रेसमध्ये टेम्प्लेट तयार असतं. आमच्या प्रूफवर दोनदा "चि. सौ. कां." आलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा छापून आलं, शंभर कार्डं वाया. तो माणूस म्हणे, ताई सवयीने हात जातो. त्याचा फार दोष नाही म्हणा. चि. सौ. कां. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, लग्नाच्या मुलीला लावायची पद्धत. कायद्याने काही आडकाठी नाही, ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल लावावं, पण चाळीशीतल्या बाईच्या नावामागे ते मलाच खटकत होतं. "श्रीमती" आपल्याकडे सरकारी पत्रात सगळ्या बायकांना लावतात पण पत्रिकेवर लोक ते विधवा असंच वाचतात. "सौ." लग्नाच्या आधी कसं लावणार. म्हणून सरळ उत्तर, दोघांच्याही नावामागे काही नको. एकाला "श्री." लावायचं आणि दुसरीला काहीच नाही असंही नको, ते लंगडं दिसतं. (वरच्या नमुन्यात बाबांनी जावयाला श्री. लावलंय, ते बाबांच्या तोंडी आहे म्हणून चालतं.)

नाव कुठलं लिहायचं हा बायकांचा खास त्रास. माहेरचं, पहिल्या सासरचं, की होणारं? माझ्या आधारवर माहेरचं नाव परत आलेलं होतं, तेच छापलं. पण अनेक जणींची बँक, नोकरी, डिग्री सगळं पहिल्या सासरच्या आडनावाने असतं आणि ऑफिसात त्यांना त्याच नावाने ओळखतात. अशा वेळी माझं मत, पत्रिकेवर कागदोपत्री जे नाव आहे तेच लिहा, मग ते कुठलंही असो. कारण शेवटी सांगते.

"पुनर्विवाह" हा शब्द पत्रिकेवर लिहायचा का? नको. लपवायचं म्हणून नाही, गरज नाही म्हणून. ज्यांना बोलावताय त्यांना माहितीच आहे, आणि ज्यांना माहिती नाही त्यांना फोन करायचाय हे वर झालं. "द्वितीय विवाह" तर अजिबात नको, ते नाट्यप्रयोगाच्या जाहिरातीसारखं वाटतं.

आणि गेलेल्या जोडीदाराचं नाव? आपल्याकडे "कै. अमुक यांचा नातू" असं लिहितो, त्यामुळे काहींना वाटतं की तसंच "कै. अमुक यांच्या आशीर्वादाने" पहिल्या बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव टाकावं. भावना चांगली आहे, पण पत्रिका दीडशे घरांत जाते, तिथे प्रत्येक जण त्या ओळीवर थांबणार आणि हळहळणार, आणि नवीन माणूस पहिल्या दिवसापासून त्या ओळीखाली उभा राहणार. आम्ही पत्रिकेत नाव टाकलं नाही. विधींच्या दिवशी घरात तिचा फोटो नेहमीच्या जागी होता, सकाळी मुलानेच हार घातला. तेवढं पुरे झालं.

पहिल्या नात्यातली माणसं

इथे निवांत बसून विचार करा.

जोडीदार वारला असेल तर त्याचे किंवा तिचे आईवडील तुमच्या मुलांचे आजी-आजोबा आहेत आणि राहणार. त्यांना पत्रिका पोस्टाने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणं म्हणजे थोबाडीत मारणं. स्वतः जायचं, आणि पत्रिका छापायच्या आधी एकदा नुसतं सांगायला जायचं. हे तसे संगमनेरला, पहिल्या बायकोच्या माहेरी, आधी एकटे जाऊन आले होते. पत्रिका द्यायला मात्र आम्ही दोघं गेलो. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसलेले, ह्यांनी पत्रिका पुढे केली आणि म्हणाले, "आई, पत्रिका द्यायला आलोय." त्या काहीच बोलल्या नाहीत, आत गेल्या. मला वाटलं झालं, आता रडणार. तर हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना बोटं लावली आणि ह्यांना म्हणाल्या, "कोरडी पत्रिका देतात होय रे?" मग मला कुंकू लावलं. लग्नाला त्या आल्या नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. पण नातवासाठी डबाभर लाडू आले. न येणं हासुद्धा त्यांचा हक्क आहे, तेव्हा बोलावताना दार उघडं ठेवा पण "याच हं, नाहीतर आम्हाला वाईट वाटेल" असलं ओझं टाकू नका.

घटस्फोट असेल तर गणित वेगळं. पूर्वीच्या नवऱ्याला किंवा बायकोला पत्रिका द्यायची का? मूल नसेल आणि संबंध संपलेले असतील तर काहीच देणं लागत नाही. मूल असेल तर सांगायचं जरूर, पण पत्रिका द्यायची नाही, असं माझं मत. तारखेच्या महिनाभर आधी एक छोटा मेसेज, की अमुक तारखेला माझं लग्न आहे, मुलीला माहिती आहे, त्या आठवड्यात ती माझ्याकडे असेल. बस. आणि हे काम मुलीवर सोपवू नका. शनिवारी बाबांकडे जाताना "सांग गं त्यांना" म्हणून पाठवणाऱ्या आया मी बघितल्यात, पोरीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. त्या घरचे आजी-आजोबा मुलीवर जीव टाकणारे असतील तर त्यांना एक फोन करा, कदाचित चार शब्द ऐकावे लागतील, ऐकून घ्या.

कॉमन मित्र हा वेगळाच ताप. दोघांचेही मित्र असलेल्या लोकांना बोलवा, पण "तू नाही आलास तरी मी समजेन" एवढं आधीच म्हणून टाका, बिचारे मधल्या मधे चेपले जातात.

यादी आणि आहेर

पहिल्या लग्नाची वही काढू नका. तिच्यात बाबांच्या ऑफिसातले साहेब आहेत आणि कुणाचे कोण लागणारे आहेत. कोऱ्या कागदावर ज्यांना बघून तुम्हाला आनंद होईल त्यांची नावं लिहा. आमची नव्वद झाली, मग मानपानाची धरून दीडशे. छोटं जेवण असेल तर "सकुटुंब सहपरिवार" लिहू नका, केटरर विचारतो किती पानं आणि आपल्याला सांगता येत नाही. पाकिटावर नावं लिहा आणि आठ दिवस आधी फोन करून विचारा, किती जण येताय. आपल्याकडे लोक आपणहून कळवत नाहीत, त्यात त्यांचं काही चुकतं असंही त्यांना वाटत नाही.

आहेर आणू नये ही ओळ पहिल्या लग्नात ऐच्छिक असेल, दुसऱ्यात ठसठशीत टाका. त्याच माणसांनी एकदा आहेर केलेला आहे. तरी मामा आणि आत्या आणणारच, ते घरी घ्या, स्टेजवर पाकिटं घेऊ नका, बाकीच्यांना रिकाम्या हाताने आल्याची लाज वाटते.

केळवण आणि हळदीला कोण

लोकांना कळत नाही की दुसऱ्या लग्नात केळवण करायचं असतं का. तुम्हाला आवडणार असेल तर जवळच्या एका मैत्रिणीला किंवा मावशीला सांगून ठेवा की मला आवडेल, बाकीच्यांना आपोआप कळतं. मला चार झाली आणि मी चारही ठिकाणी पोटभर जेवले.

हळद, ओटी, औक्षण ह्यांना फक्त सवाष्णी बोलवायची पद्धत अजून आहे. तुम्ही स्वतः विधवा म्हणून हे सगळं सोसलेलं असेल आणि आता लग्न करताना त्याच पद्धतीने दुसऱ्या विधवेला वगळणार असाल तर काय बोलायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, त्यानंतर राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं परिपत्रक काढलं, मग आपल्या घरात हळदीला कोणाला बोलवायचं हे ठरवायला ठराव कशाला हवाय. ज्या काकू-मावशा कोपऱ्यात बसतील असं वाटतं त्यांना आधीच फोन करून सांगा, "तू मला हळद लावायचीस." त्या दिवशी सगळ्यांसमोर हाताला धरून ओढू नका, त्यांना ते आवडत नाही. पाकिटावर त्यांच्या नावामागे "गं. भा." तर नकोच नको, नुसतं नाव आणि "ताई" किंवा "काकू" लिहा.

आणि एखाद्या आजीने "आपल्यात असं करत नाहीत" म्हटलंच, तर भांडू नका, पण मनात माहिती असू द्या की विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, आणि महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. गावाकडे कित्येक समाजांत तर पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची, पद्धत पूर्वापार होती, फक्त पत्रिका नसायची. तेव्हा "आपल्यात" म्हणजे नक्की कुणात, हे एकदा प्रेमाने विचारून बघा.

व्हॉट्सअ‍ॅप

फॅमिली ग्रुपवर पत्रिका सगळ्यात शेवटी टाका. आधी एकेकाला वेगवेगळी, आणि नुसती इमेज नाही, वरती दोन ओळी स्वतः टाईप केलेल्या, त्या माणसाच्या नावाने. "हेच अगत्याचे आमंत्रण समजावे" ही ओळ परदेशात किंवा लांब असलेल्यांसाठी ठीक आहे, त्याच शहरात राहणाऱ्या सख्ख्या काकांसाठी नाही. ज्यांना पाठवताय त्यांना "कृपया पुढे पाठवू नका, अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही" हेही लिहा, आत्याची गोष्ट वर वाचलीतच. फोटोवाली पत्रिका, मागे धबधबा आणि गाणं वगैरे करणार असाल तर मुलांना आधी दाखवा, त्यांच्या शाळेतल्या ग्रुपवर ती पोचणारच आहे.

थोडी छापून घ्याच

सगळं डिजिटल केलं तरी दहा-वीस कार्डं छापा. एक देवापुढे, चार-पाच म्हाताऱ्या माणसांना हातात द्यायला, आणि उरलेली विवाह नोंदणीला. विधी करून लग्न केलंत तर नंतर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करायची असते, तिथे इतर कागदांसोबत लग्नपत्रिका मागतात, आणि फॉर्मवर लग्नाच्या वेळी तुम्ही अविवाहित, विधुर, विधवा की घटस्फोटित हा रकाना असतो, त्यासाठी तो कोर्टाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला. म्हणून वर म्हटलं की नाव कागदोपत्री आहे तेच छापा. दोघांची पूर्ण नावं, ठिकाणाचा पत्ता आणि तारीख वर्षासकट. आम्ही मजकूर इतका बोलल्यासारखा केला की त्यात "येत्या रविवारी, १२ तारखेला" असं होतं, महिना नाही, वर्ष नाही. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं, छान आहे म्हणाल्या, आणि प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं.